गंडमचं मध्यवर्ती सूत्र कसं शोधावं: आधी यंत्राचा माग काढा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. महाकाय रोबोंच्या एखाद्या अ‍ॅनिमे मालिकेचं मध्यवर्ती सूत्र शोधून त्यावर तुम्हाला निबंध लिहायचा आहे. तुम्ही १९७९ ची 'मोबाईल सूट गंडम' निवडलीत, सगळे ४३ भाग पाहिलेत आणि सूत्र म्हणून 'युद्ध वाईट असतं' असं लिहिलंत. मार्गदर्शकांनी ते परत पाठवलं. म्हणाले, हा विषय झाला, सूत्र कुठे आहे? मग तुम्ही 'न्यूटाइप', म्हणजे अंतराळात राहून मनं एकमेकांना भिडू लागलेली माणसं, हे सूत्र धरून पाहिलंत. तेही तुम्हालाच पुरेसं पटेना. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की खेळणी खपवायला काढलेल्या मालिकेत सूत्र शोधणं म्हणजे ओढूनताणून अर्थ काढणं तर नाही ना?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. पण तुम्ही फार लांबही नाही आहात.

मालिकांच्या पटकथा वाचून कथा कुठे सैल पडतेय, कुठला ट्रॅक उगाच लांबलाय हे सांगणं माझं रोजचं काम आहे. नव्या लेखकाकडे वनलाइन, म्हणजे एका वाक्यात कथा, मागितली की बहुतेक जण एखादा शब्द घेऊन येतात: युद्ध, मैत्री, सूड, आई. शब्द चांगलाच असतो, पण त्यावर एक भागसुद्धा लिहून होत नाही. भाग लिहून होतो तो पेचावर. कुणाला तरी काही तरी हवं आहे, आणि ते मिळवायला जे करावं लागतं त्यानेच ते हातचं जाणार आहे, असा पेच. मालिका तो पहिल्या भागात मांडते, मधल्या भागांत निरनिराळ्या माणसांवर घालून बघते आणि शेवटच्या भागात त्याचं काही तरी करते. तो पेच पकडलात की सूत्र हाती आलं.

'युद्ध वाईट' हे गंडममध्ये कुणी सिद्ध करायला बसलेलं नाही. पहिल्या भागाच्या सुरुवातीचं निवेदन आठवा. पृथ्वीवर मावेनाशी झालेली माणसं अंतराळातल्या वसाहतींत राहायला गेली, त्याला अर्धं शतक लोटलं. अंतराळशक ००७९ मध्ये पृथ्वीपासून सगळ्यांत दूरची वसाहत, साइड ३, स्वतःला झिऑनचं राज्य म्हणवू लागली आणि तिने पृथ्वीच्या सरकारविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध पुकारलं. महिनाभराहून थोड्या जास्त काळात दोन्ही बाजूंनी मिळून निम्मी मानवजात मारली. माणसं स्वतःच्याच कृत्याने हादरून गेली. हे सगळं कथा सुरू व्हायच्या आधी सांगून झालेलं आहे. जी गोष्ट पहिल्या मिनिटाला गृहीत धरली, ती पटवायला पुढचे ४३ भाग खर्ची पडत नसतात. ते भाग कशावर खर्च झालेत, ते बघायचं.

महाकाय रोबोंच्या मालिकेत हे बघायला एक मोठी सोय असते, ती म्हणजे तो रोबोच. तो मालिकेत नुसता लढत नाही. तो कुणी तरी बनवलेला असतो, कुणी तरी पोराच्या हाती दिलेला असतो किंवा पोराने परस्पर घेतलेला असतो, त्यापायी काही तरी गेलेलं असतं आणि शेवटच्या भागात त्याचं काही तरी होतं. या प्रकाराचा उगम पाहिलात तर हे अगदी उघड दिसतं. मित्सुतेरु योकोयामांच्या 'तेत्सुजिन २८' मध्ये लोखंडी माणसाचा रिमोट ज्याच्या हातात, त्याचं तो ऐकतो. सज्जनाच्या हातात असो की चोराच्या. गो नागाईंच्या 'माझिंगर झेड' मध्ये (मालिका १९७२ ची) आजोबा मरता मरता नातवाच्या हाती यंत्र सोपवतात आणि सांगतात, याच्या बळावर तू देव होऊ शकशील किंवा राक्षस. दोन्हीकडे पेच यंत्रातच भरलेला आहे. सूत्र शोधणाऱ्याने संवादांच्या मागे धावण्याआधी यंत्राचा माग काढावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता गंडमचा माग काढू. पहिला भाग नीट, सावकाश बघा. नायक आमुरो रे १५ वर्षांचा आहे, पृथ्वीच्या बाजूच्या एका वसाहतीत राहतो. स्थलांतराचा इशारा झालाय तरी हा घरात अर्ध्या कपड्यांत यंत्राशी खुडबुडत बसलाय. शेजारची फ्राउ बो येऊन त्याला रागावते, जेवलास का म्हणून विचारते. आई नाही, वडील कामात. त्याला घर आहे म्हणावं तर भिंती आहेत, आणि माणूस म्हणावं तर शेजारची मुलगी. वडील टेम रे अभियंता आहेत, गंडम, म्हणजे मालिकेतला मुख्य रोबो, त्यांच्याच हाताखाली तयार झालाय. झिऑनचे झाकू, म्हणजे त्यांचे लढाऊ रोबो, वसाहतीत शिरतात, धावपळ सुरू होते, आणि वडील माणसांच्या आधी गंडमचे भाग जहाजावर चढवण्याच्या मागे लागलेले मुलाला दिसतात. तो थेट विचारतो: बाबा, तुम्हाला माणसांपेक्षा मोबाईल सूट (या मालिकेत रोबोंना हेच म्हणतात) महत्त्वाचा आहे का?

निबंधासाठी एकच संवाद निवडायचा झाला तर मी हा निवडेन. कारण पुढच्या काही मिनिटांत मालिका हाच प्रश्न मुलावर उलटवते. फ्राउची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांदेखत स्फोटात जातात. आमुरो तिला बंदराकडे पळायला लावतो आणि स्वतः गंडममध्ये चढतो. हातात माहितीपुस्तिका आहे, ती वाचत वाचत यंत्र उभं करतो. पहिल्या झाकूला तो प्रकाशतलवारीने मधोमध कापतो. झाकूच्या पोटातली अणुभट्टी फुटते, वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं, हवा बाहेर धावते आणि त्या हवेबरोबर टेम रे अंतराळात ओढला जातो.

म्हणजे काय झालं ते पाहा. बापाने बनवलेल्या यंत्रात बसून, लोकांना वाचवण्यासाठी, मुलाने पहिला वार केला. आणि त्या वाराने त्याच्याच घराची हवा गेली आणि बापही गेला. दुसऱ्या झाकूच्या वेळी आमुरो भट्टी टाळून फक्त चालकाच्या कप्प्यावर नेम धरतो. घर वाचवायचं तर आता समोरच्या माणसालाच थेट मारावं लागणार, हे पोर पहिल्याच दिवशी शिकलं. लोक हा भाग रोबो प्रथमच उभा राहतो म्हणून लक्षात ठेवतात. मला मात्र त्यातलं भगदाडच सगळ्यात आधी आठवतं.

आता पुढचे तीन थांबे. मधलं सगळं सांगत नाही, तुम्ही पाहिलेलं आहे.

भाग १३. आमुरो आता ज्यावरून लढतोय ते व्हाइट बेस हे अंतराळजहाज पृथ्वीवर आहे आणि आमुरो आपल्या जुन्या घरी जातो. वडील त्याला अंतराळात घेऊन गेले तेव्हा आई कामारिया पृथ्वीवरच राहिली होती. घरात आपल्याच बाजूचे सैनिक दारू पिऊन पडलेत. आई निर्वासितांच्या छावणीत काम करते आहे. ती भेटते न भेटते तोच झिऑनचे शिपाई येतात, आमुरोला रुग्ण म्हणून पलंगावर झोपवलं जातं आणि तो पांघरुणाखालून गोळी झाडतो. आई हादरते. त्या शिपायालाही घरदार असेल, माणसावर गोळी झाडतोस, तू कसा असा झालास? आमुरो म्हणतो, मग मी मेलो असतो तर चाललं असतं का? दोघांचंही चूक नाही, म्हणून तो प्रसंग इतका लागतो. निरोप घेताना तो आईला लष्करी सलाम करतो आणि 'तब्येतीला जप' अशा परक्या, औपचारिक भाषेत बोलतो. पहिल्या भागात घराची भिंत गेली होती, इथे आई गेली, आणि ती जिवंत असताना गेली.

भाग ३३. तटस्थ वसाहत साइड ६. रस्त्यात आमुरोला वडील दिसतात. तो मागे मागे जातो. भंगाराच्या दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. पहिल्या भागात अंतराळात फेकले गेल्यावर प्राणवायू न मिळाल्याने त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे. ते मुलाच्या हातात एक सुटा भाग ठेवतात: हा गंडमला बसव, ताकद कितीतरी वाढेल. मुलगा सांगतो की मी गावी आईला भेटलो, तुम्हाला तिची काळजी वाटत नाही का? बापाच्या डोक्यात सुटा भाग आणि युद्ध एवढंच आहे. भाग जुनाट आहे, आजच्या गंडमला निरुपयोगी. बाहेर आल्यावर आमुरो तो रस्त्यावर आपटतो.

इथे मालिकेचा धागा किती घट्ट विणलेला आहे ते बघा. या माणसाची ही अवस्था मुलाने केलेल्या पहिल्या वारामुळे झाली आहे. मालिका हे एकदाही बोलून दाखवत नाही, कुणी आमुरोला दोष देत नाही, पार्श्वसंगीत त्याकडे बोट दाखवत नाही. पण पहिला भाग ज्याने लक्ष देऊन पाहिलाय त्याला हिशोब लागतो. पहिल्या भागात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही इथे मिळतं: हो, या बापाला शेवटपर्यंत यंत्रच महत्त्वाचं होतं. एखादी गोष्ट ३२ भागांनंतर परत येते आणि तिचा अर्थ वाढलेला असतो, तेव्हा ती योगायोगाने आलेली नसते. सूत्र शोधताना असे परत येणारे प्रसंग जोडीने लिहून काढा. निबंधाचा निम्मा भाग तिथेच होतो.

या दोन थांब्यांच्या मधे आणखी एक गोष्ट घडते, ती सोडू नका. ब्राइट, म्हणजे जहाजाचा १९ वर्षांचा कप्तान, आपल्याला गंडमवरून काढणार असं कानावर आल्यावर आमुरो गंडम घेऊन पळून जातो आणि तो वाळवंटात वाळूखाली दडवतो. एका खानावळीत त्याची शत्रूचा अधिकारी राम्बा राल आणि त्याची सखी हामोन यांच्याशी गाठ पडते. हामोन सहज त्याच्यासाठीही जेवण मागवते. आपल्या बाजूची माणसं एकमेकांवर खेकसतायत, आणि प्रेमाने जेवू घालणारी बाई शत्रूच्या बाजूची. तुम्ही निबंधात कुटुंबाबद्दल लिहिणार असाल तर ही बाई विसरू नका. आमुरोला या मालिकेत आईसारखं वागवणाऱ्या मोजक्या माणसांत ती आहे, आणि पुढे तीच गंडमच्या पाठीवर नेम धरते. त्या वाळवंटातून आमुरो परततो तो जहाजावर. परतल्यावर त्याला कोठडीत टाकतात. तरी तो परततो. का, ते त्याला स्वतःलाही अजून सांगता येत नाही. त्याच्या तोंडी एवढंच येतं की गंडम माझ्याइतका चांगला कुणाला चालवता येत नाही. म्हणजे अजूनही त्याच्या लेखी त्याची लायकी यंत्राने ठरते. बापाचा पोर आहे.

तिसरा थांबा भाग ४१. लाला स्यून ही झिऑनच्या बाजूची न्यूटाइप मुलगी. लढाईच्या ऐन मध्यात तिचं आणि आमुरोचं मन एकमेकांत उघडतं आणि ती त्याला विचारते: तुझ्याकडे जपायला माणूस नाही, गाव नाही, घरचं कुणी नाही, कुणावर प्रेमही नाही; मग तू लढतोस कशासाठी? आमुरोकडे उत्तर नाही. जपायला काही नसलं तर लढू नये का, एवढंच तो उलट विचारतो. काही क्षणांत झिऑनचा योद्धा आणि आमुरोचा प्रतिस्पर्धी शार याला वाचवायला लाला मध्ये येते आणि आमुरोच्याच वाराने मरते. पहिल्या भागातला तोच नमुना आहे. हातात यंत्र आहे, वार दुसऱ्यावर आहे, आणि जातं ते आपलं माणूस.

लालाच्या प्रश्नात मालिकेने सूत्र जवळजवळ उघड सांगून टाकलं आहे. आता ते वाक्यात मांडू: ज्याचं घर बापाच्या यंत्राने आणि स्वतःच्याच हाताने मोडलं, त्या मुलाला परत जायला कुणी उरतं का, आणि उरलं तर तिथे जाताना ते यंत्र सोडता येतं का? युद्ध ही या प्रश्नाची जागा आहे, कारण युद्धातच यंत्र सोडणं सगळ्यात अवघड असतं.

शेवटचा भाग आता या डोळ्यांनी बघा. आधी गंडमचं डोकं जातं, हात जातो, मग तो ढाचाच होतो. आमुरो आणि शार यंत्रांतून उतरून हातात तलवारी घेऊन समोरासमोर लढतात. त्यानंतर आमुरो झिऑनच्या कोसळत्या अंतराळकिल्ल्यातून आपल्या मनाची हाक एकेकाला पोचवतो: सेला, इकडून जा, ब्राइट, आता जहाज सोडा. न्यूटाइपची जी शक्ती आत्तापर्यंत जास्त अचूक मारण्यासाठी वापरली गेली, ती पहिल्यांदा माणसं बाहेर काढायला वापरली जाते. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नाचं उत्तर इथे आहे. न्यूटाइप ही मालिकेतली कल्पना आहे आणि फार महत्त्वाची आहे, पण तिला अर्थ येतो तो ती कशासाठी वापरली यावरून. लालाच्या मृत्यूच्या वेळी दोन मनं इतकी जवळ येऊनही तलवार थांबली नाही. समज आली म्हणून सुटका झाली, असं ही मालिका म्हणत नाही. म्हणून न्यूटाइपला एकट्याला सूत्र केलंत की भाग ४१ तुम्हाला आडवा येतो.

सगळे सुटकेच्या छोट्या होडीत (अंतराळयानात) पोचतात, आणि आता आमुरो कुठे आहे ते मोठ्यांना कळत नाही. कात्स, लेत्स आणि किक्का ही तीन लहान, अनाथ मुलं त्याला वाट दाखवतात, आकडे उलटे मोजून त्याला बाहेर काढतात. तो गंडमच्या पोटातल्या छोट्या विमानातून निघतो, होडी दिसते आणि म्हणतो: मला अजून परत जायला जागा आहे, याहून आनंदाची गोष्ट नाही. लालाला म्हणतो, तू समजून घेशील, तुला भेटायला मी कधीही येऊ शकतो. आणि मग विमानही सोडून देतो. डोकं, हात, धड आणि शेवटी कप्पासुद्धा. यंत्राचा शेवटचा तुकडा मागे टाकून तो हात पसरून माणसांकडे जातो. मालिकेने पहिल्या भागात विचारलेल्या प्रश्नाचं आमुरोपुरतं उत्तर हे आहे, आणि ते त्याने संवादात नाही, कृतीत दिलंय.

सूत्र खरंच मध्यवर्ती आहे का हे तपासायचे दोन मार्ग मी वापरतो. पहिला मार्ग प्रतिस्पर्ध्याचा. खलनायक किंवा प्रतिस्पर्धी त्याच प्रश्नाला वेगळं उत्तर देतोय का? शार अझ्नाबल पाहा. त्याचं खरं नाव कास्वाल, झिऑनच्या संस्थापकाचा, झिऑन झुम दाइकुनचा मुलगा. बाप गेला, आणि बापाचं नाव घेऊन झाबी घराणं राज्य करतंय. आमुरोला बापाने यंत्र ठेवलं, शारला बापाने विचार ठेवला. दोघांचीही वारशात मिळालेली गोष्ट परक्यांच्या युद्धात वापरली जातेय. शारला परत जायला जागा आहे, त्याची बहीण सेला आमुरोच्याच जहाजावर आहे आणि त्याला हाका मारतेय. तो जात नाही. शेवटी तो त्या घराण्यातल्या कायसिलिया झाबीला मारायला वळतो. ज्या तासाला आमुरो माणसांकडे निघतो, त्याच तासाला शार सुडाकडे. दोघांच्या वाटा एकाच प्रश्नावरून फुटल्यात, तेव्हा प्रश्न मध्यवर्ती आहे यात शंका नाही.

दुसरा मार्ग सुट्या भागाचा. लांब मालिकेत काही भाग मुख्य कथेपासून तोडून काढता येतात. सूत्र खरं असेल तर ते अशा भागातही सापडायला हवं. गंडममध्ये भाग १५ असा आहे. कुकुरुझ डोअन हा झिऑनचा पळून आलेला सैनिक एका बेटावर अनाथ मुलांना सांभाळतोय. त्या मुलांचे आईबाप त्याच्याच गोळीबारात गेलेत. त्याच्याकडे झाकू आहे, तो मुलांच्या रक्षणासाठी ठेवलाय, आणि त्या झाकूच्याच मागावर झिऑनचे शिपाई येतात. आमुरो शेवटी तो झाकू उचलून समुद्रात टाकतो: तुझ्या अंगाला लागलेला लढाईचा वास शत्रूंना ओढून आणतो. हा भाग मालिकेवरूनच जोडून केलेल्या १९८१-८२ च्या तिन्ही संकलन चित्रपटांतून वगळला गेला, म्हणजे मुख्य कथेला त्याची गरज नव्हती. तरी आपण मांडलेला पेच त्यात जसाच्या तसा आहे: आपल्याच हाताने मोडलेलं घर, ते जपायला ठेवलेलं यंत्र, आणि यंत्र सोडल्याशिवाय घर वाचत नाही ही अट. आमुरोने शेवटच्या भागात जे केलं ते इथे तो दुसऱ्यासाठी करतो. 'युद्ध वाईट' हे सूत्र धरलंत तर हा भाग फक्त एक गोड गोष्ट उरते. 'न्यूटाइप' धरलंत तर त्याला जागाच नाही.

आता खेळण्यांचा प्रश्न, कारण तो मनापासून विचारलाय. मालिका खेळणी विकायलाच निघाली होती, हे खरं आहे. क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी प्रायोजक होती. ७ एप्रिल १९७९ ला मालिका सुरू झाली, ५२ भाग ठरले होते आणि प्रतिसाद मिळाला नाही म्हणून ४३ वर आटोपली. शेवटचा भाग २६ जानेवारी १९८० ला दाखवला गेला. ज्या बांदाईच्या प्लास्टिक मॉडेलांनी गंडमचं नाव घरोघरी नेलं, ती मालिका संपल्यावर, जुलै १९८० मध्ये बाजारात आली. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत चॅनेलच्या सांगण्यावरून ट्रॅक फिरतो, पात्र परत येतं, लग्न लांबतं. मालिका लिहिणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही आणि लाजेचीही नाही. दिग्दर्शक योशियुकी तोमिनोंनाही दर आठवड्याला रोबोची लढाई दाखवणं भाग होतं.

पण या दबावातूनच सूत्र शोधायला एक उत्तम साधन मिळतं. मालिकेच्या मध्यावर गंडमला जोडायचं जी-आर्मर नावाचं एक जास्तीचं वाहन येतं. खेळणं म्हणून ते चांगलं खपणार होतं. पुढे चित्रपट करताना ते काढून त्या जागी कोअर बूस्टर नावाचं साधं विमान घातलं गेलं. आईची भेट मात्र चित्रपटात राहिली. वडिलांची भेट राहिली. 'परत जायला जागा आहे' राहिलं. करणाऱ्याला कापायची मुभा मिळाली तेव्हा त्याने काय कापलं आणि काय ठेवलं, हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. कुठल्याही मालिकेची संक्षिप्त किंवा सुधारित आवृत्ती उपलब्ध असेल तर ती जोडीने बघाच. मुलाखतींपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो. मुलाखतीत माणूस त्या दिवशीच्या मनःस्थितीत बोलतो.

हाच माग दुसऱ्या मालिकांत काढलात तर वेगळी सूत्रं निघतील, आणि निघायलाच हवीत. तोमिनोंच्याच आधीच्या १९७७ च्या 'झाम्बॉट ३' मध्ये यंत्र घराण्याचा वारसा आहे, आणि लढायांत गावं उद्ध्वस्त होतात म्हणून गावकरी त्या कुटुंबालाच दोष देतात. तिथला पेच आपण ज्यांच्यासाठी मरतोय त्यांना ते हवंय का हा आहे. हिदेआकी आन्नोंच्या 'नियॉन जेनेसिस इव्हँगेलियन' मध्ये (१९९५-९६, २६ भाग) बाप मुलाला बोलावून यंत्रात बसवतो आणि त्या यंत्रात आईचा जीव आहे. तिथे यंत्र सोडणं हा प्रश्नच उरत नाही, मुलगा कुणाच्या गरजेपलीकडे स्वतः कुणी आहे का, हा प्रश्न आहे. 'गुरेन लागान' मध्ये (२००७, २७ भाग) सगळं जिंकल्यावर सिमोन आपली किल्लीसारखी छोटी ड्रिल दुसऱ्याला देऊन अनोळखी म्हणून निघून जातो. वारसा पुढे देता येणं हेच तिथलं मोठेपण. चारही मालिकांत लढाई आहे, बलिदान आहे, आरोळ्या आहेत. यंत्र कुणाकडून आलं आणि कुठे गेलं एवढं विचारलं की चौघींचे चेहरे वेगळे दिसायला लागतात.

निबंधाबद्दल थोडं. सूत्राचं वाक्य प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि लगेच भाग १ मधला बापलेकाचा संवाद आणि ते भगदाड यांवर चांगलं पानभर द्या. तिथे घाई करू नका. मग १३ आणि ३३ एकत्र घ्या, वेगवेगळे नकोत, कारण आई आणि बाप ही एकाच तुटण्याची दोन टोकं आहेत. राम्बा राल आणि हामोनला थोडी जागा द्या. लालावर लिहिताना तिचा मृत्यू वर्णन करण्यात शब्द घालवू नका, तिचा प्रश्न मांडा. शार आणि डोअन तपासणीसाठी वापरा. न्यूटाइपवर तुम्ही आधीच बरंच लिहिलेलं असणार, ते फेकू नका. शेवटच्या भागाच्या चर्चेत ते चपखल बसेल.

'झेटा गंडम'चा समावेश करावा का, हेही तुम्ही विचारलं होतं. माझं मत, करू नये. १९८५ च्या त्या मालिकेत सात वर्षांनंतरचा आमुरो एका आलिशान घरात नजरकैदेत आहे, हे वाचून तुम्हाला पहिल्या मालिकेचा शेवट खोटा ठरवायचा मोह होईल. पण 'झेटा'चा नायक कामिय्यू आहे. त्याचे आई आणि वडील दोघेही लष्करासाठी काम करणारे अभियंते, दोघेही सुरुवातीच्याच भागांत जातात, आणि शेवटी त्याला परत यायला माणसं असूनही त्याचं मन परत येण्याच्या स्थितीत राहिलेलं नसतं. तो वेगळा, जास्त कडवट प्रश्न आहे आणि त्याला स्वतंत्र निबंध लागेल. आत्ता ४३ भागांतच राहा. पहिला मसुदा झाला की त्यातला भाग १५ वरचा परिच्छेद आधी मार्गदर्शकांना दाखवा. सूत्र घट्ट बसलंय की वरवर चिकटवलंय, ते त्यांना तिथेच लगेच कळेल.